नवसागराची चकाकी

आमच्या घरी कुठलीही वस्तू आली की बाबा आधी तिला नखाने टिचकी मारत. माठ असो, तवा असो, सायकलची घंटी असो, नाहीतर मायने बाजारातून आणलेली नवी पळी असो. टिचकी मारून आवाज ऐकायचा, मग कडेवरून बोट फिरवायचं, मग डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवायचं. माय ओट्यापाशी उभी राहून कंटाळून जायची. "पळी घेऊन राहिले का सून पाहून राहिले?" ती म्हणायची. बाबा हसायचे आणि तिसऱ्यांदा बोट फिरवायचे. परवा माझ्या नातीने कुकर मागवला. मोबाइलवर चांदण्या मोजल्या, अनोळखी माणसांची मतं वाचली आणि कुकर दुसऱ्या दिवशी दारात. मी सवयीने त्याला टिचकी मारली तर ती म्हणाली, "आजी, तो काय बोलणार आहे का?" तिला काय सांगणार? माझ्या लहानपणी सगळ्या वस्तू बोलत असत आणि त्यांचं ऐकणारा माणूस आमच्या घरात होता. एकदाच त्याने वस्तूपेक्षा माणसाचं ऐकलं. ते माणूस मी होते, आणि ते मी आजवर नीट कुठे लिहिलेलं नाही.

बाबा मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. हातमाग बसला तसे ते नागपूरला आले आणि सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे दोन खोल्यांत आमचा संसार मांडला गेला. आमचा माग गेला होता, पण शेजारच्या तीन घरांत अजून चालत असत. सकाळी डोळा उघडायचा तो त्या खटखटीने, आणि दुपारी ती थांबली की जेवायची वेळ झाली हे घड्याळाशिवाय कळायचं. बाबांना काम मिळालं होतं शहराबाहेरच्या एका रायफल क्लबात. काम काय, तर निशाणांच्या मागच्या खड्ड्यात बसायचं, डोक्यावरून गोळ्या गेल्या की निशाण खाली ओढायचं, भोकं बुजवायची, पुन्हा वर सारायचं. उन्हाळ्यात तो खड्डा तापायचा. बाबा घरी आले की त्यांच्या कानात तासभर काहीतरी वाजत राही आणि माय त्यांच्याशी मोठ्याने बोले. "काय वाढू?" हेसुद्धा अर्ध्या गल्लीला ऐकू जाई.

क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मेजरसाहेब. त्यांनी खटपट करून सरावाची काडतुसं पुन्हा भरण्याचा परवाना मिळवला. दारू आणि गोळी भरायचं काम ते स्वतः कुलपाच्या खोलीत करणार होते, तिथे दुसऱ्या कुणाला प्रवेश नव्हता. पण त्याआधी झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी धुवायची, साच्यात दाबून मूळ आकारात आणायची, लांब झाली असेल तर छाटायची, तोंडाची कड मारायची आणि डोळ्यांत तेल घालून तपासायची, हे सगळं करायला कुणीतरी शांत डोक्याचं हवं होतं. मेजरसाहेबांनी बाबांना निवडलं. तीन महिने काम पाहायचं, कमिटीला पसंत पडलं तर कायमचं त्या खोलीत, नाही तर पुन्हा खड्ड्यात. माय त्या दिवशी देवापुढे दिवा लावून म्हणाली, "सावलीतलं काम हाय बापा, टिकू दे." आमच्या घराला एवढीच आस होती.

हत्यारांची पेटी आली ती जबलपूरच्या कुणा जुन्या शिकाऱ्याकडून. त्यात प्रत्येक कामाची दोन-दोन, तीन-तीन हत्यारं होती, आणि मेजरसाहेबांचं म्हणणं होतं की ज्याने काम करायचं त्याने निवडायचं. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत, म्हणून मॅट्रिकच्या वर्गातली मी शब्दकोश घेऊन बाबांबरोबर गेले. मला तो दिवस जसाच्या तसा आठवतो. लांब टेबलावर हिरवं कापड, त्यावर ती पोलादी चीजवस्तू मांडलेली, आणि मी मनातल्या मनात सगळी चकचकीत हत्यारं आधीच निवडून ठेवलेली. पुंगळी छाटायचं एक मोठं यंत्र होतं, त्याला हँडल, त्यावर आकड्यांची तबकडी, हवं ते माप लावता यायचं. माहितीपत्रकात त्याची दोन पानं स्तुती होती, ती मी मोठ्या आवाजात वाचून दाखवली. बाबांनी तबकडी एका आकड्यावर लावली, टेबलाला दोनदा हलका धक्का दिला आणि मला म्हणाले, "आता वाच, कुठं हाय?" काटा केसभर सरकला होता. त्यांनी शेजारचं बुटकं हत्यार उचललं. त्याला ना हँडल ना आकडे, एकच माप, पोलादात कायमचं कोरलेलं. तिथवर छाटलं की पातं पुढे जातच नव्हतं.

"ह्याच्यात बदलाले काहीच नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच घेऊन राहिलो," बाबा म्हणाले.

तोंडाची कड मारायच्या हत्यारातही तेच. नवं कोरं धारदार सोडून त्यांनी हातात बसलेलं, जरासं मवाळ झालेलं उचललं. "कड मोडाची हाय वं, धार नाही काढाची. तेज हत्यार आपल्याले समजाच्या आधी खाऊन घेते." पुंगळ्या घासायचं विजेचं पिंप होतं, तेही त्यांनी नाकारलं. त्याऐवजी कुही गावच्या आत्याकडून धानाचा कोंडा मागवतो म्हणाले. माझा चेहरा बघून मेजरसाहेब हसले. "मुलगी नाराज झाली, नामदेव." मी खरोखरच नाराज झाले होते. मला वाटलं, बाबा घाबरले. जन्मभर दुसऱ्याच्या मापाने जगलेल्या माणसाला तबकडी फिरवायची हिंमत होत नाही, असं काहीसं पुस्तकी वाक्यही मी मनात रचलं होतं. चौदा-पंधराव्या वर्षी बापाविषयी किती कमी कळतं आणि किती ठामपणे कळतं!

पेटीत नसलेलं एक हत्यार बाबांनी घरून नेलं. तो होता कच्च्या रेशमाचा धागा, पीळ न दिलेला, हातभर लांब. उमरेडला मागावर नवी फणी चढवण्याआधी आजोबा तिच्या दातांवरून असा धागा फिरवत. कुठे बारीक कुसळ असेल, जे डोळ्याला दिसत नाही आणि बोटाला लागत नाही, तिथे रेशमाचा तंतू अडकतो. बाबा पुंगळीच्या तोंडावरून आणि मानेवरून तो धागा फिरवत आणि डोळे मिटून घेत. अडकला की पुंगळी डाव्या डब्यात, नाही अडकला की उजव्या. मेजरसाहेबांकडे भिंग होतं, पण बाबांचा धागा भिंगाच्या आधी सांगत असे.

क्लबात पाण्याचा नळ नव्हता, म्हणून मेजरसाहेब सहीची चिठ्ठी देऊन रिकाम्या पुंगळ्या मोजून घरी धुवायला पाठवत. तो कार्यक्रम रविवारी अंगणात चाले. चिंचेच्या कोमट पाण्यात पुंगळ्या भिजत घालायच्या, तीन पाण्यांतून काढायच्या, उन्हात सुकवायच्या. मग मायच्या जुन्या नऊवारीच्या झोळीत कोंडा आणि पुंगळ्या घालून एक टोक मी आणि एक टोक बाबांनी धरून हलवत राहायचं. खुळखुळ आवाज व्हायचा आणि शेजारच्या मागाची खटखट त्याला साथ द्यायची. माय चुलीपाशी पाटोड्यांचा रस्सा करत असायची. वर भिवापुरी मिरचीची तर्री आणि मूठभर चिरलेला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. झोळी हलवता हलवता तो वास आला की माझे हात आपोआप जोरात चालत. "हळू वं," बाबा म्हणत, "रस्सा कुठं पळून नाही राहिला."

तर अशा धुतलेल्या पुंगळ्या स्वच्छ असत, पण चकाकत नसत. त्यांचा रंग जुन्या तांब्यासारखा मंद पिवळा राही. एके दिवशी मी डबा घेऊन क्लबात गेले तेव्हा कमिटीतले एक गृहस्थ एक पुंगळी चिमटीत धरून उभे होते. "ह्या धुतल्यात की खरकट्याच ठेवल्यात?" ते म्हणाले, आणि बाकीचे दोघे हसले. बाबा खाली मान घालून हत्यार पुसत राहिले. तीन महिन्यांतले दोन संपत आले होते. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की पुढच्या पुंगळ्या अशा निघतील की त्या माणसाचे डोळे दिपतील.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बशीरचाचांचं कल्हईचं दुकान होतं. काळंठिक्कर पडलेलं पातेलं त्यांच्या हाताखालून आरशासारखं निघताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि त्यात नवसागराची करामत असते हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी त्यांच्याकडून नवसागर मागून आणला. "किसके लिए चाहिए, बेटी?" त्यांनी विचारलं. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. मी म्हटलं, "समया घासायच्या आहेत, चाचा." त्यांनी कागदात पुडी बांधून दिली आणि वर बजावलं, "बाद में पानी से अच्छा धोना." बाबा कामावर आणि माय बाजारात असताना दुपारी मी दोनशे पुंगळ्या नवसागराच्या कढत पाण्यात घातल्या. त्या निघाल्या त्या सोन्याच्या. मला इतका आनंद झाला की धुण्याकडे माझं लक्षच राहिलं नाही. एका पाण्यातून काढल्या आणि लगेच फडक्यावर मांडून त्यांच्याकडे बघत बसले.

बाबांनी संध्याकाळी एक उचलली. नखाने टिचकी मारली. मग माझ्याकडे पाहिलं.

"कशानं धुतलं वं?"

"चिंचेनं," मी म्हटलं. "जास्त वेळ ठेवलं फक्त."

मी खोटं का बोलले? आपलं गुपित हवं होतं म्हणून असेल. किंवा मनातून माहीत होतं की खरं सांगितलं तर ते पुंगळ्या बाजूला काढतील आणि माझी चकाकी वाया जाईल. बाबांनी "बरं" म्हटलं आणि पुंगळ्या पिशवीत भरल्या. कमिटीचे डोळे खरंच दिपले. मेजरसाहेबांनी पाठ थोपटली, महिना बाकी असतानाच बाबांचं काम कायम केलं, आणि मायने शेजारच्या सात घरी साखर वाटली. मी मिरवत होते. माझ्या बापाचं काम मी टिकवलं असं मला वाटत होतं.

पुढे मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. नवसागराचा धडा आला की माझा आवाज दरवर्षी खाली जात असे आणि मुलांना वाटे बाई थकल्या. ताणात असलेल्या पितळेला नवसागरातला अमोनिया आणि दमट हवा मिळाली की ते आतून तडकू लागतं. लगेच नाही, हळूहळू, आठवड्यांनी, केसाहून बारीक रेघांनी. साच्यात दाबलेल्या पुंगळीच्या मानेत तर ताण भरलेलाच असतो. हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं, पण बशीरचाचांनी नीट धुवायला सांगितलं होतं आणि बाबांनी सरळ प्रश्न विचारला होता. तेवढं ज्ञान पुरेसं होतं.

गणपती झाले आणि क्लबाची मोठी स्पर्धा ठरली. रविवारी सकाळी सुरुवात, बाहेरगावचे नेमबाज येणार. शनिवारी दुपारी मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन गेले. माझ्या दोनशेपैकी ऐंशी पुंगळ्या मेजरसाहेबांनी भरून कुलपात ठेवल्या होत्या, उरलेल्या टिनच्या डब्यात पडल्या होत्या. बाबांनी हात धुतले, भाकर मोडली, आणि दुसऱ्या हाताने सहज त्यातली एक पुंगळी उचलली. खिशातला धागा काढून तिच्या मानेवरून फिरवला. धागा अडकला. त्यांनी भाकर खाली ठेवली. दुसरी पुंगळी घेतली. अडकला. तिसरीवर तो सरळ गेला, चौथीवर पुन्हा अडकला. ते उठून खिडकीशी गेले, पुंगळी उजेडात धरली, मग माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. त्यांचा चेहरा नुसता पांढरा पडला होता.

"शालू, कशानं धुतलं होतं?"

"नवसागरानं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला.

त्यांनी धागा बोटाला गुंडाळला. "तू चिंच म्हटलं," ते म्हणाले. "तू म्हटलं म्हणून मी ह्या खेपेले धागा नाही फिरवला. म्हटलं, पोरीनं केलं हाय, पाहाची काय गरज."

मला मार खाल्ल्याचे प्रसंग आठवतात, दोन-तीनच आहेत. ते सगळे मी हसत सांगू शकते. हे वाक्य मात्र मला हसत सांगता येत नाही. ते टेबल, तो मोडलेला भाकरीचा तुकडा, खिडकीतला उजेड, सगळं तिथेच आहे. उद्या सकाळी त्या ऐंशी काडतुसांमागे कुणाचा तरी गाल टेकलेला असणार, कुणाचा तरी डोळा असणार, हे त्यांना माझ्या आधी दिसलं होतं.

बाबा तसेच मेजरसाहेबांच्या खोलीत गेले, मी मागोमाग. ते उभ्या उभ्या म्हणाले, "साहेब, उद्याची काडतुसं देऊ नका. पुंगळ्या तडकल्या हायेत. माही चूक हाय, मी पाह्यलं नाही." माझं नावही काढलं नाही. मेजरसाहेबांनी भिंग काढलं, पुंगळी पाहिली, आणि त्यांचे ओठ आवळले गेले. "नामदेव, हे पागेजवळ ठेवलेल्या दारूगोळ्यासारखं झालंय. पावसाळ्यात पागेतल्या घोड्यांच्या मुताच्या वाफेने तडकायचा, असं आम्हाला शिकवायचे. तुम्ही धुतलंत कशाने?" बाबा बोलायच्या आत मी बोलले. सगळं सांगितलं, खरकट्याच्या टोमण्यापासून समयांच्या थापेपर्यंत. बोलता बोलता रडू फुटलं तरी थांबले नाही. मेजरसाहेब ऐकून घेत होते. शेवटी कुलपाची किल्ली काढून ते म्हणाले, "उद्या सांगितलं असतंस तर तुझ्या रडण्याचा कुणालाच उपयोग नव्हता. आज सांगितलंस."

स्पर्धा झाली, पण अर्धीच. कारखान्याची जेवढी काडतुसं होती तेवढ्यातच भागवावं लागलं आणि पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. भरलेल्या ऐंशींची विल्हेवाट मेजरसाहेबांनी स्वतः लावली. बाकीच्या रिकाम्या एकशेवीस पुंगळ्यांची तोंडं हातोडीने ठेचायची होती, म्हणजे त्या चुकूनही कुणाच्या हाती लागणार नाहीत. ते काम त्यांनी मला दिलं. मी ऐरणीशी बसून एकेक ठेचली. त्या तेव्हाही लखलखत होत्या, मला त्यांचा संताप येत होता. कमिटीने बाबांना पुन्हा खड्ड्यात पाठवलं, पुढचा विचार होईपर्यंत.

घरी बाबांनी मायला एवढंच सांगितलं की धागा फिरवायला विसरलो. माय कपाळावर हात मारून बसली. "कोष्ट्याचं पोरगं अन् धागा इसरते! सावलीतलं काम होतं, हातानं घालवलं!" त्यानंतर ती उठता बसता बोलत राहिली. भाकरी थापताना, पाणी भरताना, बाबा कानात घणघण घेऊन परतले की आणखी मोठ्याने. बाबा ऐकून घेत. मी समोर बसून जेवत असे. मेजरसाहेबांपुढे जे तोंड उघडलं होतं ते मायपुढे उघडत नव्हतं, कारण तिथे कुणाचा डोळा जायचा नव्हता, फक्त माझी लाज जायची होती. तिरक्या नजरेने बाबा मला गप्प राहायला सांगतात, असं मी स्वतःला समजावत असे. ते खरं नव्हतं. ते माझ्याकडे बघतच नसत.

थंडी पडली तेव्हा मेजरसाहेबांचा निरोप आला. धाग्याशिवाय काम अडत होतं. एका रविवारी पुन्हा सहीची चिठ्ठी आणि पुंगळ्यांची पिशवी घरी आली. मी चिंच भिजत घातली, तीन पाणी केली, मग कुणी न सांगता चौथंही. बाबांनी झोळीचं एक टोक धरलं, मी दुसरं. माय बाजूला सांबार निवडत बसली होती. शेवटी पुंगळ्या फडक्यावर ओतल्या, मंद पिवळ्या.

"कशानं धुतलं वं?" बाबांनी विचारलं.

"चिंचेनं."

"बरं," ते म्हणाले, आणि ओंजळ भरून पुंगळ्या थेट उजव्या डब्यात टाकू लागले. धागा खिशातच होता.

मी त्यांचा हात धरला. "बाबा, धागा फिरवा."

"काहून? तू सांगतलं ना."

"फिरवा. मले गरज हाय."

मी डोळे पुसू लागले तशी मायने मान वर केली. "काय झालं वं? धागा इसरणारे ते, तू काहून रडून राहिली?" तेव्हा मी तिला सांगितलं. नवसागर, समया, चिंच म्हटलेलं, सगळं. ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी अंग चोरून बसले होते, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती बाबांकडे पाहत होती.

"अन् मी तुम्हाले इतकं बोलली, एवढे दिवस. तुम्ही नुसते आयकून राहिले?"

बाबांनी ओंजळीतल्या पुंगळ्या फडक्यावर परत ठेवल्या. खिशातून धागा काढला, पहिली पुंगळी घेतली आणि डोळे मिटले.

"थांब जरा," ते म्हणाले, "धाग्याचं आयकू दे."

मायने हातातला सांबार खाली ठेवला, आणि आम्ही तिघं तो धागा ऐकत बसलो.